कांडवेलीचा अर्क आणि ओव्हरेक्टमी मॉडेल: फॉर्म बी भरण्याआधी आराखडा तपासून द्याल का?

खलबत्ता

नमस्कार मंडळी. एम.फार्म. फार्माकॉलॉजीच्या प्रबंधासाठी विषय घेतलाय: कांडवेलीच्या (हाडसांधी, सिसस क्वाड्रँग्युलॅरिस) खोडाचा इथेनॉल अर्क आणि पाळी गेल्यानंतरची हाडांची झीज. महिनाअखेर एथिक्स कमिटीकडे फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) द्यायचाय. आत्ताचा आराखडा असा आहे.

विस्टार जातीच्या रॅट माद्या, ३ महिन्यांच्या, २०० ते २२० ग्रॅम. सहा-सहाचे पाच गट: नॉर्मल, ओव्हरेक्टमी (अंडाशय काढलेल्या), ओव्हरेक्टमी + अलेंड्रोनेट (हाडांची झीज रोखणारं औषध) तोंडावाटे, ओव्हरेक्टमी + अर्क २५० मिग्रॅ/किलो, ओव्हरेक्टमी + अर्क ५०० मिग्रॅ/किलो. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून ३० दिवस डोस. खाद्य नेहमीचं पेलेट. शेवटी सीरम कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, फीमरवर (मांडीच्या हाडावर) थ्री-पॉइंट बेंडिंग (दोन आधारांवर ठेवून मधे दाबून मोडणं) आणि फॉर्मॅलिनमध्ये ठेवून हिस्टॉलॉजी. मायक्रो-सीटी (हाडाच्या आतल्या जाळीचा सूक्ष्म स्कॅन) बाहेरून करून घ्यावी लागेल, पैसे १५ ते २० स्कॅनपुरतेच आहेत.

प्रश्न तीन. यात काय बदलायला हवं? सीरम कॅल्शियम वाढलं तर 'औषध लागू पडलं' असं म्हणता येईल का? आणि शीर्षकात 'वयानुसार होणारी हाडांची झीज' असे शब्द चालतील का?

ट्रॅबेक्युला

शेवटून सुरू करतो. शीर्षकातून 'वयानुसार' काढा. अंडाशय काढलेल्या रॅटमध्ये तुम्ही इस्ट्रोजेन अचानक बंद करता. वय वाढवत नाही. सत्तरीनंतरच्या झिजेत हाड बनवणाऱ्या पेशी कमी पडतात, मज्जेत चरबी वाढते, जुनाट पेशी साचतात. त्यासाठी १८ ते २४ महिन्यांचे सी५७ब्लॅक/६ माऊस किंवा तितकेच म्हातारे रॅट सांभाळावे लागतात. खर्च प्रबंधाबाहेरचा, आणि वर्षभरात त्यातले बरेच आपणहून मरतात. 'पाळी गेल्यानंतरची झीज' एवढंच लिहा, तेवढं तुमचं मॉडेल पेलतं.

आता वय. ३ महिन्यांची रॅट वाढीत असते. टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) वरच्या टोकाची ग्रोथ प्लेट जोरात काम करत असते आणि तिच्याखाली रोज नवं जाळीदार हाड पडत असतं. अशा प्राण्यात गट वेगळे दिसले तर असलेलं हाड गेलं की नवं कमी बनलं, हे सांगता येत नाही. किमान ६ महिन्यांच्या घ्या. पुरवठादाराकडे त्या वयाच्या माद्या सहसा तयार नसतात, म्हणून लोक ३ महिन्यांवर भागवतात. आधी ऑर्डर देऊन वाढवून घ्या. पिल्लं झालेल्या निवृत्त ब्रीडर माद्या मात्र नकोत: गर्भारपण आणि दूध पाजण्याने त्यांच्या हाडांचा हिशोब आधीच बिघडलेला असतो.

मुदत. झीज सगळीकडे एका वेळी दिसत नाही. टिबियाच्या वरच्या मेटाफिसिसमध्ये (ग्रोथ प्लेटलगतच्या भागात) फरक साधारण १४ दिवसांत पकडता येतो, फीमरच्या मानेत ३० दिवसांत, कंबरेच्या मणक्यात सुमारे ६० दिवसांत. शाफ्टच्या घट्ट हाडाला त्याहून जास्त. ३० दिवसांवर थांबलात तर मणक्याबद्दल काहीच बोलता येणार नाही. १२ आठवडे करा.

दुसऱ्या दिवसापासून डोस म्हणजे हा झीज रोखण्याचा प्रयोग झाला. झालेली झीज भरून येते का हे बघायचं असेल तर ८ आठवडे नुसतं थांबावं लागतं, डोस सुरू करायच्या दिवशी एक बेसलाइन गट मारावा लागतो, आणि मग १२ आठवडे औषध. तुमच्याकडे तेवढा वेळ दिसत नाही. रोखण्याचाच करा, पण निष्कर्षात 'उपचार' हा शब्द येऊ देऊ नका.

'नॉर्मल' गट चालणार नाही, शॅम हवा: भूल, चीर, अंडाशय बाहेर काढून परत आत.

संख्या. गटात ६ असतील तर ८० टक्के पॉवरने (खरा फरक सापडण्याच्या शक्यतेने) फक्त १.८ एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) आसपासचा फरक सापडेल. वनस्पतींच्या अर्काचा परिणाम इतका मोठा क्वचितच असतो. १० ठेवलेत तर १.३ पर्यंत येता, तेही दोनच गटांच्या तुलनेला. डनेट (अनेक गटांची एकाच कंट्रोलशी तुलना करणारी चाचणी) लावलंत की थोडं अजून लागतं. ६ हा आकडा आपल्याकडे रूढीने चालत आलाय, गणिताने नाही. कमिटीला पॉवरचं गणित जोडून १० मागा. संख्या कमी ठेवून निकालच न लागणं हीच प्राण्यांची खरी नासाडी.

पिंजरा_४

वरच्या सगळ्याला +१. प्राणीगृहाच्या बाजूचं लिहितो, कारण असे प्रयोग बहुतेक तिथेच फसतात.

खाद्य. नेहमीच्या पेलेटमध्ये सोयापेंड असते. त्यातले आयसोफ्लेव्होन रॅटच्या आतड्यात इक्वॉल बनतात आणि ते इस्ट्रोजेनसारखं वागतं. म्हणजे ज्यांचं इस्ट्रोजेन काढलं त्यांनाच तुम्ही रोज थोडं थोडं परत चारता. शॅम आणि ओव्हरेक्टमीतला फरक पुसट होतो, आणि पोतं बदललं की पुसटपणाही बदलतो. एआयएन-९३एम (ठरलेल्या घटकांचं शुद्ध खाद्य) घ्या: प्रथिन केसिनचं, कॅल्शियम ०.५ टक्के. त्यात सोयाबीन तेल असतं ते चालतं, आयसोफ्लेव्होन पेंडीत राहतात. शस्त्रक्रियेच्या २ आठवडे आधीपासून सर्व गटांना तेच.

शस्त्रक्रिया. केटामीन ८० + झायलाझीन १० मिग्रॅ/किलो पोटात. केटामीन शेड्यूल एक्समध्ये (कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत) आहे, नोंदवहीतला साठा आणि वापर जुळायलाच हवा. डोळे उघडे राहतात म्हणून मलम, खाली ३७ अंशांची गरम गादी. पाठीवर मध्यभागी २ सेंमी चीर, मग दोन्ही बाजूंना शेवटच्या बरगडीखाली स्नायूत छोटी चीर. चरबीचा पांढरा गोळा दिसतो, चिमटा त्या चरबीला लावा, अंडाशयाला नाही. अंडाशय चिमट्यात चिरडलं तर तुकडा पोटात पडतो, तिथेच रुजतो आणि पुन्हा हार्मोन सोडायला लागतो. अंडवाहिनीखाली ४-० विरघळणाऱ्या धाग्याने बांधून अंडाशय पूर्ण काढा, गर्भाशयाचं शिंग आत सोडा. वेदनेसाठी ब्युप्रेनॉर्फिन ०.०५ मिग्रॅ/किलो त्वचेखाली, शॅमलाही तितकंच.

अंडाशय खरंच गेलं का? आठवड्यानंतर सलग ५ दिवस योनीस्राव स्लाइडवर बघा. सतत पांढऱ्या पेशीच दिसायला हव्यात. सपाट, केंद्रक नसलेल्या पेशी दिसल्या तर तुकडा राहिलाय, तो प्राणी बाद. शेवटी गर्भाशयाचं वजन: चरबी साफ करून, आतलं पाणी टिपकागदावर दाबून काढून. शॅममध्ये साधारण अर्धा ग्रॅम भरतं, ओव्हरेक्टमीत त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतं. हा आकडा प्रबंधात नसेल तर परीक्षकाने पुढचं वाचू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वजन. ओव्हरेक्टमीनंतर माद्या जास्त खातात, फुगतात, आणि वाढलेल्या भाराने हाड थोडं वाचतं. कांडवेल वजन कमी करायलाही विकली जाते हे विसरू नका. अर्काने भूक मेली तर हाडावरचा भार कमी होईल आणि अर्क 'निकामी' ठरेल. दोष हाडाचा नसेल. दर आठवड्याला वजन आणि पिंजऱ्यामागे खाल्लेलं खाद्य, दोन्ही लिहा. डोसही दर आठवड्याला नव्या वजनावर काढा.

गॅव्हेज (सुईसारख्या नळीने थेट पोटात) ०.५ टक्के सीएमसीमध्ये (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या घट्टसर द्रवात), ५ मिली/किलो. ५०० मिग्रॅ/किलोला १०० मिग्रॅ/मिली होतं, घट्ट पण जातं. त्यापुढे सुई तुंबते. शॅमसकट सगळ्यांना सीएमसी, नाहीतर रोजच्या धरपकडीचा ताण एकाच बाजूला पडतो.

आणि तोंडावाटे अलेंड्रोनेट कशासाठी? शोषण एक टक्क्याच्याही आत, पोटात खाद्य असेल तर जवळपास शून्य. रॅट रात्रभर खाते, सकाळी पोट भरलेलंच असतं. द्यायचं तर १५ मायक्रोग्रॅम/किलो त्वचेखाली, आठवड्यातून दोनदा.

भिंगाखाली

अलेंड्रोनेटऐवजी १७-बीटा-इस्ट्राडायोल ठेवा: १० मायक्रोग्रॅम/किलो त्वचेखाली, आठवड्यातून ५ दिवस. कारण अर्क. त्यात इस्ट्रोजेनसारखं काही असेल तर गर्भाशयाचं वजन वाढेल. इस्ट्राडायोल गट शेजारी असला की अर्काने हाडही वाचवलं आणि गर्भाशयही वाढवलं, की फक्त हाड, हे एका तराजूवर कळतं. तुमच्या प्रबंधातला सगळ्यात कामाचा निकाल कदाचित हाच असेल.

सीरम कॅल्शियमबद्दल: नाही, म्हणता येणार नाही. पॅराथायरॉइड हार्मोन रक्तातलं कॅल्शियम अरुंद पट्ट्यात धरून ठेवतं, गरज पडली तर हाड खर्च करून. हाडं पोखरलेल्या बाईचंही सीरम कॅल्शियम बहुधा नॉर्मलच येतं. ते खरंच वाढलं तर शाबासकी नको, आधी मूत्रपिंड तपासा. उलट कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज दोन्ही एकदम तळाला आले तर रक्त चुकून ईडीटीएच्या नळीत गेलंय: ईडीटीए कॅल्शियम बांधतं आणि एन्झाइमला लागणारं झिंक-मॅग्नेशियमही. एकूण अल्कलाइन फॉस्फेटेजमध्ये यकृत आणि आतड्याचा वाटा असतो, तो आकडा हाडाचा म्हणून देऊ नका. पैसे असतील तर झिजेसाठी सीटीएक्स-१ आणि बांधणीसाठी पी१एनपी, दोन्हींचे रॅटसाठीचे किट. सीटीएक्स खाण्याने आणि दिवसाच्या वेळेने हलतं, म्हणून ६ ते ८ तास खाद्य काढून सगळ्यांचं रक्त सकाळी एकाच वेळी. सीरमचे छोटे भाग करून उणे ८० ला, पुन्हा पुन्हा वितळवू नका.

थ्री-पॉइंट बेंडिंग तुम्ही फीमरच्या मधोमध करणार. तिथे सगळं घट्ट हाड आहे आणि ओव्हरेक्टमी आधी जाळीदार हाड खाते. त्यात वजन वाढल्यामुळे शाफ्ट बाहेरून थोडा जाडही होतो. म्हणून शॅम आणि ओव्हरेक्टमी सारखे निघण्याची शक्यता मोठी, कधी ओव्हरेक्टमीच मजबूत निघते, आणि मग चर्चेच्या प्रकरणात ओढाताण सुरू होते. बेंडिंग करा, पण जोडीला कंबरेच्या मणक्याचं कॉम्प्रेशन हवंच: दोन्ही टोकं समांतर घासून, मागची कमान कापून. बेंडिंगला आधारांमधलं अंतर १५ मिमी, वेग १ ते ५ मिमी/मिनिट यातला एक ठरवून सगळ्यांना तोच. हाड सलाइनच्या कापसात ओलं, खोलीच्या तापमानाला. वाळलेलं हाड जास्त ताठ दिसतं आणि अचानक तुटतं. कमाल भार आणि ताठपणा द्या. मॉड्युलसवर भर नको, इतक्या आखूड हाडात शिअर मिसळतो आणि मॉड्युलस कमी निघतो.

मायक्रो-सीटी. रॅटच्या ट्रॅबेक्युला (जाळीदार हाडातल्या काड्या) साधारण १०० मायक्रॉन जाड, व्हॉक्सेल (स्कॅनचा सर्वात छोटा ठोकळा) १० ते १२ मायक्रॉन पुरे. पैसे दर स्कॅनमागे असतील तर एका नळीत ४ टिबिया एकावर एक उभ्या लावा. रुंदी वाढत नाही म्हणून व्हॉक्सेलही बिघडत नाही. प्रत्येक नळीत वेगवेगळ्या गटांची हाडं मिसळा, म्हणजे एखाद्या दिवशी मशीन सरकलं तरी एकच गट सापडत नाही. सगळी हाडं एकाच द्रवात, ०.५ मिमी ॲल्युमिनियम फिल्टर, हायड्रॉक्सीॲपेटाइट फँटम (माहीत घनतेचा तुलनेचा नमुना) त्याच सेटिंगवर. ग्रोथ प्लेटखाली सुमारे १ मिमी सोडून पुढचा २ मिमी भाग घ्या. लगतचं प्रायमरी स्पाँजिओसा (नुकतंच पडलेलं कोवळं हाड) आत आलं की आकडे फुगतात. थ्रेशोल्ड एकच, तो प्रबंधात लिहा. बीव्ही/टीव्ही (एकूण जागेतला हाडाचा वाटा), ट्रॅबेक्युलांची संख्या, जाडी, अंतर, चारही एकत्र द्या. नुसती जाडी फसवते: बारीक काड्या नाहीशा झाल्या की उरलेल्या जाड काड्यांचीच सरासरी निघते आणि ओव्हरेक्टमीत जाडी 'वाढलेली' दिसते.

हिस्टॉलॉजीबद्दल नंतर लिहितो, तिथेही फॉर्मॅलिनचा घोटाळा आहे.

खलबत्ता

खूप आभार. टिबिया चार-चार लावल्या तर १३ स्कॅनमध्ये ५० हाडं बसतील, बजेट जुळतं. ट्रॅबेक्युला सर, ५ गट × १० ठेवतो: शॅम, ओव्हरेक्टमी, इस्ट्राडायोल, अर्काचे दोन डोस. डोस २५० आणि ५०० च ठेवू ना? आधीच्या कामांत ५०० आणि ७५० दिसतात.

ओपीडी_बुधवार

डोसवर थांबा. रॅटचा डोस माणसाला लावताना ६.२ ने भागतात. ५०० चे झाले सुमारे ८१ मिग्रॅ/किलो, म्हणजे ६० किलोच्या बाईला रोज जवळपास ४.८ ग्रॅम कोरडा अर्क. ७५० चे सव्वासात ग्रॅम. एवढं रोज कोण गिळणार? १०० घेतलेत तर साधारण १ ग्रॅम, दोन कॅप्सूलमध्ये बसेल. १०० आणि ५०० ठेवा. १०० ला काही नाही आणि ५०० ला थोडं, असं आलं तर तोही प्रामाणिक निकाल आहे.

अजून एक, कारण चर्चेत हे हमखास लिहिलं जातं: 'कांडवेलीत कॅल्शियम भरपूर, म्हणून परिणाम.' २५० ग्रॅमची रॅट दिवसाला १५ ते २० ग्रॅम खाद्य खाते, ०.५ टक्क्याने ७५ ते १०० मिग्रॅ कॅल्शियम. ५०० मिग्रॅ/किलोने अर्क जातो १२५ मिग्रॅ. त्याचा ५ टक्के भाग कॅल्शियम धरला तरी ६ मिग्रॅ. शिवाय खोडात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ताजं खोड घशाला खाजतं ते त्यामुळेच, आणि ऑक्सलेटमधलं कॅल्शियम शरीराला फारसं मिळत नाही. कारण दुसरीकडे शोधा.

आता दाव्यांबद्दल. हाडाची घनता वाढली म्हणजे हाड मजबूत झालं, असं धरू नका. १९९० साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये रिग्ज आणि सहकाऱ्यांची सोडियम फ्लोराइडची चाचणी आली. २०२ स्त्रिया, रोज ७५ मिग्रॅ, ४ वर्षं. कंबरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्के वाढली. मणक्यांचे फ्रॅक्चर लक्षणीय घटले नाहीत आणि इतर हाडांचे उलट वाढले. हाड दाट झालं होतं, पण त्याची घडण वाईट होती. एफडीएच्या (अमेरिकेच्या औषध नियामकाच्या) १९९४ च्या मार्गदर्शक मसुद्यात घनतेबरोबर ताकदीची चाचणी आणि रॅटशिवाय दुसरी मोठी प्रजाती मागितली आहे, ती या धड्यानंतर. रॅटच्या घट्ट हाडात माणसासारखं हॅव्हर्शियन रीमॉडेलिंग (जुनं हाड खणून नवं भरणं) जवळजवळ होत नाही, म्हणून माकड किंवा मेंढी.

मॉडेल दुसऱ्या बाजूनेही फसवतं. टेरिपॅराटाइड या हाड बांधणाऱ्या औषधाने रॅटमध्ये ऑस्टिओसार्कोमा (हाडाचा कर्करोग) झाला, कारण जवळजवळ आयुष्यभर मोठे डोस आणि वाढत राहणारा सांगाडा. २००२ मध्ये औषधावर काळ्या चौकटीतला इशारा आला. माणसांत तसं आढळलं नाही आणि २०२० मध्ये एफडीएने तो काढला. ओडॅनाकॅटिब हे झीज रोखणारं औषध सशात, माकडात छान, तिसऱ्या टप्प्यात सुमारे १६ हजार स्त्रियांत फ्रॅक्चरही कमी झाले, पण पक्षाघात वाढले आणि २०१६ मध्ये कंपनीने ते सोडून दिलं. ही बाब प्राण्यांच्या हाडात दिसणं शक्यच नव्हतं.

ट्रॅबेक्युला

१०० आणि ५०० ला माझी हरकत नाही. फक्त आधी ५ प्राण्यांवर १४ दिवस दोन्ही डोस देऊन वजन आणि खाणं बघा, आणि हे प्राणी फॉर्म बीमध्ये आत्ताच मोजा. नंतर वाढवून मागायला गेलात तर महिना जाईल.

'वयानुसार' का नको याचं ताजं उदाहरण देतो. २०१७ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये म्हाताऱ्या माऊसमध्ये जुनाट पेशी मारल्यावर हाड सुधारल्याचं आलं. २०२४ मध्ये त्याच गटाने पाळी गेलेल्या ६० स्त्रियांना डॅसॅटिनिब आणि क्वेर्सेटिन (जुनाट पेशी मारणारी जोडी) २० आठवडे खंडाखंडाने दिलं. सीटीएक्सवर, म्हणजे त्यांच्या मुख्य निकषावर, परिणाम नाही. पी१एनपी २ आणि ४ आठवड्यांना वाढलं, २० ला फरक उरला नाही. म्हातारं मॉडेल वापरूनही असं होतं, तुमची तर ६ महिन्यांची मादी आहे. आणि अर्कात क्वेर्सेटिन सापडलं म्हणून 'सेनोलिटिक' (जुनाट पेशी मारणारं) हा शब्द लिहू नका.

वनस्पतीची ओळख राहिली. फुलासकट नमुना पुण्याच्या बोटॅनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागीय केंद्रात देऊन व्हाउचर क्रमांक घ्या. सुकं खोड किती, अर्क किती निघाला हे प्रमाण लिहा, आणि एचपीटीएलसीवर (अर्कातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने) बीटा-सिटोस्टेरॉल किंवा क्वेर्सेटिन मोजा. सगळा प्रयोग एकाच बॅचच्या अर्कावर. मधेच अर्क संपला आणि नवा काढला तर ते दोन प्रयोग झाले.

भिंगाखाली

हिस्टॉलॉजी, आणि कोणतं हाड कुठे जाईल ते.

उजवा फीमर: मऊ भाग काढून, सलाइनच्या कापसात गुंडाळून उणे २० ला, बेंडिंगसाठी. कंबरेचा चौथा मणका: तसाच, कॉम्प्रेशनसाठी. उजवी टिबिया: ७० टक्के इथेनॉल, मायक्रो-सीटीसाठी. डावा फीमर: १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, ४८ तासांच्या आत बाहेर, मग पीएच ७.४ चं ईडीटीए ३ ते ४ आठवडे, दर ३-४ दिवसांनी बदलून. प्रयोगशाळेत नायट्रिक किंवा फॉर्मिक आम्ल सुचवतील कारण दोन-चार दिवसांत काम होतं. पण आम्लाने ट्रॅप एन्झाइम मरतं आणि ऑस्टिओक्लास्ट (हाड खाणाऱ्या पेशी) रंगतच नाहीत.

डावी टिबिया कॅल्सीनसाठी (नव्या हाडावर हिरवी रेघ सोडणारा रंग). १० मिग्रॅ/किलो त्वचेखाली, मारण्याआधी १० व्या आणि ३ ऱ्या दिवशी. ८४ व्या दिवशी मारणार असाल तर ७४ आणि ८१. २ टक्के सोडियम बायकार्बोनेटच्या सलाइनमध्ये विरघळवा, पीएच ७.४ च्या जवळ आणा, गाळा, बाटली फॉइलमध्ये. हे हाड फॉर्मॅलिनमध्ये फार दिवस नको आणि डीकॅल्सिफाय तर अजिबात नको, कॅल्सीन खनिजालाच चिकटलेलं असतं, खनिज गेलं की तेही गेलं. ७० टक्के इथेनॉल, मग मिथाइल मेथाक्रिलेट, अंधारात. दोन हिरव्या रेघांमधलं अंतर भागिले ७ म्हणजे रोजचा बांधणीचा वेग. ५० टिबियांचं प्लास्टिक एम्बेडिंग जमणार नसेल तर गटातल्या ६ चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तसं लिहा. इस्ट्राडायोल गटात दुहेरी रेघा फार कमी सापडतील, इंजेक्शन चुकलं असं समजू नका, तिथे हाडाची उलाढालच मंदावलेली असते.

मारण्याच्या दिवशी दहा-दहाचा एकेक गट उरकू नका. ५० प्राणी दोन दिवसांत घ्यायचे तर रोज प्रत्येक गटातले ५, आणि क्रम आळीपाळीने, कॅल्सीनच्या तारखाही त्याप्रमाणे एक दिवस मागेपुढे. बाटलीवर मार्करने नंबर घालू नका, इथेनॉल सांडलं की शाई जाते. जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाका.

खलबत्ता

चिठ्ठ्या, पेन्सिल, ईडीटीए यादीत गेले. ६ महिन्यांच्या माद्यांची चौकशी उद्याच करतो. फॉर्म बीमध्ये ५० + पायलटचे ५ + शस्त्रक्रियेत दगावतील म्हणून ४ असे ५९ टाकू का?

पिंजरा_४

टाका, पण ४ चं कारण एका ओळीत लिहा, आणि ते चौघे शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच बाकीच्यांबरोबर त्याच खाद्यावर ठेवा. नंतर आणलेला बदली प्राणी गटात बसत नाही.